शिक्षण पुरं होईस्तवर

कोल्हापुरात राहून मटण सोडणं म्हणजे नदीकाठी राहून अंघोळ सोडण्यासारखं. त्यातून घरची मटणाची खानावळ असताना सोडणं, म्हणजे लोकांनी हात लावून ताप आहे का बघावा अशी गोष्ट. बाळाबाईनं ती केली होती. गळ्यात माळ घातली म्हणून नव्हे, डॉक्टरानं सांगितलं म्हणूनही नव्हे. पोरीच्या शिक्षणापायी.

अनुजा बारावी झाली त्या उन्हाळ्यात पेठ वडगावची नणंद स्थळ घेऊन आली. मुलगा दूध संघात, घरी चार म्हशी, मागणी चालून आलेली. "बारावी झाली की गं. आता काय कलेक्टर करतीस व्हय तिला?" नणंद म्हणाली. बाळाबाईला स्वतःची सातवी आठवली. तिच्या वेळेलाही असंच झालं होतं. स्थळ आलं आणि दप्तर माळ्यावर गेलं. नणंदेला उलटून बोलायची सोय नव्हती, म्हणून ती तडक टेंबलाईच्या टेकडीवर गेली आणि देवीला म्हणाली, "आई, पोरीचं शिक्षण मधीच तुटू देऊ नको. ते पुरं होईस्तवर मी मटण तोंडाला लावणार न्हाय. रश्शाचा थेंब न्हाय."

शेजारच्या शालूबाई गुडघ्यांचं गाऱ्हाणं घेऊन तिथंच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. देवी एखादे वेळी विसरली असती, शालूबाई विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

नणंदेचं स्थळ चारच दिवसांत दुसरीकडं जमलं. देवीनं आपल्या वाटणीचं काम असं लगेच केल्यावर बाळाबाईला मागं फिरायला जागा राहिली नाही. तिनं हिशेब केला, बी.एस्सी. म्हणजे तीन वर्षं. तीन वर्षं काय, वांग्यावर निघतील.

आकारामची खानावळ राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत. सहा टेबलं, एक पंखा, आणि भिंतीवर देवीच्या फोटोखाली 'उधारी बंद'. आकाराम गल्ल्यावर, बाळाबाई चुलीवर. नवसाच्या दुसऱ्याच दिवशी शालूबाईंनी शंका काढली की ही मटण धुते, चिरते, ढवळते, मग नवस राहिला कुठं? त्यावर विचार करून शालूबाईंनीच निकाल दिला, की हातानं शिवणं हा धंदा आणि तोंडानं शिवणं हे खाणं. धंद्याला देवाची ना नाही. निकाल देताना त्यांच्या हातात तांबड्या रश्शाची वाटी होती, हे सांगितलंच पाहिजे.

अडचण आली ती चाखण्याची. बाळाबाई पातेल्यावर वाकून वास घेई आणि चमच्यावर रस्सा घेऊन आकारामपुढं धरी.

"बघा, कसं झालंय?"

"बरोब्बर."

"मीठ?"

"बरोब्बर."

आकाराम हा भांडण टाळून जगलेला माणूस. लग्नापासून आजवर बायकोनं पुढं केलेली प्रत्येक गोष्ट त्याला बरोब्बर वाटत आली होती.

बी.एस्सी.चा निकाल लागला. अनुजा पहिल्या वर्गात आली. बाळाबाईनं त्या दिवशी स्वतःसाठी रश्शाची वाटी काढून ठेवली होती, मगजाच्या दोन नळ्याही बाजूला ठेवल्या होत्या. अनुजा आली ती दारातच म्हणाली, "आई, मी एम.एस्सी. करतो."

कोल्हापूरच्या पोरी करतो, जातो, येतो म्हणतात, त्यात नवल नाही. बाळाबाईला नवल वाटलं ते एम.एस्सी.चं.

"आणि ही झाली ती?"

"ही नुसती पदवी. ती पदव्युत्तर."

"म्हंजे पदवी झाल्यावरची पदवी."

"व्हय."

"मग ही कशापायी घेतलीस?"

"हिच्याबिगर ती देत न्हाईत की."

बाळाबाईनं वाटी आकारामपुढं सरकवली. दोन वर्षं. बेसन, मसूर, वांगी, परत बेसन.

एम.एस्सी.नंतर एम.फिल. आलं. ते काय असतं हे अनुजानं स्टुलावर बसून समजावलं. मोठं संशोधन करायच्या आधी लहान संशोधन करून बघायचं, म्हणजे हात बसतो. बाळाबाईला ते पटलं. पुरणपोळी करायच्या आधी साधी चपाती यावी लागते. अनुजानं एम.फिल. केलं, आणि पुढं काही वर्षांनी सरकारनं ती पदवीच बंद करून टाकली. ज्यांनी घेतली त्यांची चालणार, नवी कुणाला मिळणार नाही. बाळाबाईला वाटलं, आपण ज्या यष्टीनं आलो ती आपण उतरल्यावर कायमची बंद झाली, आणि आपण अजून गावात पोचलेलोच नाही.

मधी प्राध्यापक होण्यासाठीची सेट नावाची परीक्षा झाली. अनुजा पास झाली, गल्लीत पेढे वाटले.

"आता लागली नोकरी," बाळाबाई म्हणाली.

"न्हाय आई. आता नोकरीला अर्ज करता येतोय."

"ह्याच्या आधी करता येत नव्हता?"

"येत हुता. पण ते बघत नव्हते."

"आता बघत्यात?"

"आता बघून न्हाय म्हणत्यात."

मग पीएच.डी. अनुजा म्हणाली, ही शेवटची. बाळाबाईनं तिला टेंबलाईची शपथ घालून तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा ती शेवटचीच निघाली. एवढ्या वर्षांत बाळाबाईला पदव्यांची नावं घरच्या डब्यांसारखी पाठ झाली होती. खानावळीत जेवायला येणाऱ्या पोरांना ती भाकरी वाढता वाढता विचारी, "काय करतोस? एम.टेक.? ते एम.एस्सी.च्या बरोबरीचंच की रं, फकस्त यंत्राचं." एकदा एका डॉक्टरीच्या पोरानं एम.डी. सांगितलं तर ती म्हणाली, "ते आमच्या एम.एस्सी.वाणीच, पदवीवरची पदवी. त्याच्या पुढं डी.एम. असतंय. तुझी आई काय सोडून बसलीया का?" पोरगं घास हातात धरून बघत राहिलं.

अनुजाचा विषय मात्र घराबाहेर कुणी काढायचा नाही असं ठरलं होतं. ती शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यातल्या जंतांवर पीएच.डी. करत होती. मटण मार्केटातला लालासाब तिला दर आठवड्याला आतडी बांधून देई, आणि देताना दर वेळी सांगे, "बेटा, हे दुसऱ्याच्या दुकानातलं हाय. माझ्या बकऱ्यात तसलं काय नसतंय." खानावळीत कुणी विचारलं की आकाराम म्हणे, "प्राण्यांवर करतीया." कुठल्या प्राण्यांवर, असं पुढं विचारलं की तो रस्सा वाढायला उठे.

पीएच.डी.चे मुक्काम बाळाबाईनं बोटावर मोजले. कोर्सवर्क झालं, ते शिक्षण नव्हे, शिक्षणाची तयारी. मग आराखडा मंजूर झाला. मग करोना आला, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, जंत बाटल्यांत राहिले आणि अनुजा घरात. एका दुपारी ती भाकरी थापणाऱ्या आईजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी सोडतो. नगं आता. तू पण सोड तो नवस."

बाळाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग मान वर केली. "एवढी वर्सं मी वांगी खाल्ली, ती काय अर्ध्या पीएच.डी.साठी? ऊठ."

अनुजा उठली. प्रबंध लिहिला, सादर केला. झालं? झालं, पण तो बाहेरच्या परीक्षकांकडं जातो. परीक्षकांचं उत्तर आलं. झालं? झालं, पण आता तोंडी परीक्षा. ती झाली की?

"ती झाली की झालं," अनुजा म्हणाली. "परीक्षकांचा शब्द शेवटचा."

हे वाक्य बाळाबाईनं पदराच्या गाठीला बांधून ठेवावं तसं ठेवलं.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, हे कळल्यावर बाळाबाई, आकाराम, शालूबाई आणि नवा कोट घातलेला लालासाब विद्यापीठात मागच्या रांगेत जाऊन बसले. बाहेरून आलेले परीक्षक परभणीकडचे होते. गोरेगोमटे, पोट सुटलेले, बोलायला मऊ. त्यांना सगळे पाहुणे सर म्हणत होते. अनुजा पडद्यावर जंतांची चित्रं दाखवत होती, भिंतीएवढी. आकारामनं इकडंतिकडं बघून घेतलं, आपलं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. लालासाब कानात कुजबुजला, "वैनी, त्यो माझ्या दुकानातला न्हाय."

बाळाबाईला इंग्रजी कळत नव्हतं. पण पाहुणे सर विचारत होते आणि अनुजा उत्तर देताना जमिनीकडं बघत नव्हती, एवढं तिला दिसत होतं. एका प्रश्नाला तर अनुजा सरळ "नो सर" म्हणाली आणि पुढं बरंच बोलली, आणि सरांनी मान डोलावली. सातवीत बाळाबाईला गुरुजींनी काही विचारलं की तिची मान खाली जायची ती घंटा होईपर्यंत. तिनं डोळे पुसले. शालूबाईंनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "भूक लागली."

शेवटी पाहुणे सर उठून म्हणाले की पीएच.डी. द्यावी अशी शिफारस करतो. टाळ्या झाल्या. अनुजाच्या गाईड मॅडमनी तिला जवळ घेतलं.

खानावळ त्या दिवशी बंद ठेवली होती. पाहुणे सर, मॅडम आणि लालासाब जेवायला येणार होते. दारावरचा बोर्ड आकारामनं सकाळी पुसून घेतला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आमचा खास ठसका रस्सा'. हा बोर्ड बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या डोक्यानं रंगवून आणला होता. गिऱ्हाईक पहिल्या घोटाला ठसकायचं, पाणी प्यायचं, परत घोट घ्यायचं. बाळाबाईला वाटे, मिरचीचा गुण. तिला त्या बोर्डाचा अभिमान होता.

ताटं मांडली. सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, कांदा, लिंबू. आज बाळाबाईचंही ताट मांडलं होतं. अनुजानं स्वतः वाढलं होतं, दोन नळ्या बघून. शालूबाई साक्षीला समोर. पाहुण्या सरांनी पहिला घोट घेतला, ठसकले, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "वा! झकास!"

"सर, दोन शब्द बोला की," आकाराम म्हणाला. कोल्हापुरात पाहुण्याला दोन शब्द बोलल्याशिवाय जेवू देत नाहीत.

बाळाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला होता. तो रश्शात बुडवायचा बाकी होता.

सर घसा साफ करून म्हणाले, "अनुजाचं मनापासून अभिनंदन. पण एक सांगतो. पदवी मिळाली म्हणजे शिक्षण पुरं झालं असं कुणी समजू नये. शिक्षण कधीच पुरं होत नसतं. मी स्वतः आजही विद्यार्थीच आहे."

टाळ्या पडल्या. मॅडमनी वाजवल्या, आकारामनं वाजवल्या, लालासाबनं तर बोटं तोंडात घालून शिटी मारायचीच तेवढी बाकी ठेवली. टाळ्या थांबल्या तेव्हा सगळ्यांना दिसलं की बाळाबाईनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आहे आणि ताट हातभर लांब सरकवलं आहे.

"आई!" अनुजा म्हणाली.

"परीक्षकांचा शब्द शेवटचा. तूच म्हणालीस."

"काय झालं? काही चुकलं का माझं?" सरांनी विचारलं. मॅडमनी त्यांना हळू आवाजात नवस सांगितला. सरांच्या हातातली नळी तशीच राहिली.

"अहो ताई, ते आपलं बोलायचं म्हणून बोललो! असं म्हणायची पद्धत असते. पीएच.डी. ही शेवटचीच पदवी. तिच्यापुढं काही नाही."

"मग डी.एस्सी. काय असतंय?" बाळाबाई म्हणाली.

सर दचकले. "ती... ती वेगळी. फार थोड्यांना मिळते."

"आणि डी.लिट.?"

"ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांना सन्मान म्हणून देतात. त्यासाठी शिकायला लागत नाही."

"मोठं झाल्यावर न शिकता देत्यात?"

"म्हणजे तसं नाही... म्हणजे, तसंच." सरांनी पाण्याचा घोट घेतला. "हे बघा, अनुजाला आता पदवी अशी घ्यायचीच नाही. बेंगळुरूला पोस्ट-डॉक करील, दोन वर्षं, की..."

अनुजानं डोळे मिटून घेतले.

"हे काय आणि?" बाळाबाईनं लेकीकडं बघितलं. हा डबा तिच्या फळीवर नव्हता.

"तुला सांगणार हुतो आई. पैला घास पोटात गेला की सांगणार हुतो."

"पदवी हाय का?"

"न्हाय. काम हाय. पगार देत्यात."

"मग त्यात शिकायचं नसतंय?"

पाहुण्या सरांना राहवलं नाही. मास्तर माणूस, सवय वाईट. "शिकायचं तर असतंच! खरं शिक्षण तर तिथंच सुरू..." आणि ते थांबले, पण वाक्य ताटात पडून गेलं होतं.

शालूबाई म्हणाल्या, "सुरू म्हणाले, मी ऐकलं."

"शालूकाकू, तुम्ही जरा गप बसा की!" अनुजा म्हणाली.

"मी कशाला बोलतो? देवीचं आणि तुझ्या आईचं हाय ते." असं म्हणून शालूबाईंनी पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली.

बाळाबाई उठायला लागली. "जेवा तुम्ही. मला मसुराची आमटी हाय सकाळची. दोन वर्सं काय, वांग्यावर निघत्यात." तिनं हे हसून म्हटलं, पण उठता उठता तिनं ताटातल्या नळ्यांकडं एकदा बघितलं, आणि ते सगळ्यांना दिसलं. आकाराम, ज्याला आयुष्यात सगळं बरोब्बर वाटत आलं होतं, तो आपल्या ताटाकडं बघत बसला होता आणि जेवत नव्हता.

अनुजानं आईचा हात धरून खाली बसवलं.

"आई, तू नवस कशाला बोललीस? मला कोण मधी उठवील म्हणून. आत्यानं स्थळ आणलं हुतं म्हणून. व्हय ना?"

"व्हय."

"आता मला कोण उठवतंय? फी भरायची न्हाय, पगार मला येणार, जागा मी मिळवली. आज त्या सरांनी पंचवीस प्रश्न इचारले, मला उठवता आलं का त्यास्नी?"

सर घाईघाईनं म्हणाले, "नाही, नाही."

"तू मला शिकवायला घेतलं हुतंस. ते तुझं काम झालं. आता मी शिकीन न्हायतर झोपा काढीन, ते माझं मी बघतो. आणि लागलाच नवस तर माझा मी बोलतो. मी वांगी सोडतो. आयुष्यभर."

लालासाब हसला, मग आकाराम, मग मॅडम. बाळाबाई हसली नाही. ती विचार करत होती. तिला टेकडी आठवत होती, आणि बारावीची अनुजा, दप्तर छातीशी धरून दाराआड उभी राहिलेली. दप्तर माळ्यावर जाऊ नये, एवढंच तर तिनं मागितलं होतं. ते गेलं नव्हतं. आता पोरीचं दप्तर बेंगळुरूला निघालं होतं, आणि ते माळ्यावर टाकायला कुणाचा हात तिथवर पोचणार नव्हता.

"शालूबाई," ती म्हणाली, "काय म्हणता?"

शालूबाईंनी वाटी खाली ठेवली, ओठ पुसले, वेळ घेतला. एवढ्या वर्षांची राखण एका घासात सोडून द्यायची म्हणजे त्यांनाही जड जात होतं. "शिकणं येगळं, शिकवणं येगळं," त्या शेवटी म्हणाल्या. "शिकवणं झालं. देवीला मी सांगतो. तसं पण गुडघ्यांचं इचारायला जायचंच हाय."

बाळाबाईनं सरांकडं मान वळवली. "सर, तुमचं काय? चालतंय?"

सरांनी तोंड उघडलं. एक चांगलं लांब वाक्य ओठांवर आलेलं दिसलं. मॅडमनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला असावा. सर म्हणाले, "चालतंय." आणि घट्ट तोंड मिटून बसले.

बाळाबाईनं ताट ओढलं. भाकरीचा तोच तुकडा उचलला, तांबड्यात बुडवला, तोंडात घातला. कुणी हललं नाही. तिनं डोळे मिटले. मग तिला ठसका लागला. साधा नव्हे, पाठीवर थापट्या मारायला लागाव्यात असला. अनुजा पाणी घेऊन धावली.

बाळाबाईनं पाणी बाजूला सारलं, आणखी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि नवऱ्याकडं बघितलं.

"लवंग."

आकारामनं कांद्याची फोड उचलली.

"मिरची न्हाय ही. लवंग हाय. मूठ मूठ पडतीया. कवापासनं?"

आकारामनं भिंतीवरच्या देवीकडं बघितलं. तिथून काही मदत येईना. "एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासनं," तो म्हणाला. "नुसत्या वासावर तुझा हात वाढत गेला."

"एम.एस्सी.? आणि मी रोज इचारतोय, कसं झालंय, कसं झालंय!"

"तू चाखणार न्हाईस. मग तुला सांगून तुझ्या जीवाला घोर कशाला? म्हणून मी बोर्ड लावला."

दारावरच्या बोर्डाकडं सगळ्यांच्या माना वळल्या. 'आमचा खास ठसका रस्सा.'

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक बोर्ड वाचून येतंय. ठसकलं की म्हणतंय, हाच तो."

"पण ताई, मला खरंच झकास..." पाहुणे सर म्हणाले.

"सर, तुम्ही परीक्षक," बाळाबाई म्हणाली. "डोळ्यांतनं पाणी काढून झकास म्हणालासा. पोरीला पण असंच पास केलं न्हाईसा न्हवं?"

"नाही हो! तिला अगदी खरंखुरं!"

"मग जेवा."

लालासाबनं जाहीर केलं की मटण चांगलं होतं, दोष मसाल्याचा. ते कुणी नाकारलं नाही. आकाराम हळूच उठला, बोर्ड उतरवायला निघाला. बाळाबाईनं त्याला हाक मारली, "ऱ्हाऊ द्या. पोरगी बेंगळुरूला जाईस्तवर हाच ठसका खाऊ दे. मग बघू." आणि नळी उचलून तिनं ताटाच्या काठावर ठोकली, जशी ती लग्नाआधी, वडिलांच्या घरी, ठोकत असे.

पहिली वाटी संपली. तिनं दुसरी वाढून घेतली. ठसकत ठसकत घेतली.